जुन्या शर्यती सायकलीवर संयुक्त तरफांची योजना

१९७० ते १९८५ या पंधरा वर्षांत इटली, फ्रान्स, इंग्लंड व जपान या देशांत ज्या पोलादी शर्यती सायकली तयार झाल्या, त्यांपैकी पुष्कळ अद्याप चांगल्या स्थितीत आहेत. फ्रेमला गंज चढू दिला नाही आणि छऱ्यांना वेळच्या वेळी वंगण मिळाले, तर अशी सायकल चालविणाऱ्याहूनही अधिक टिकते. या सायकलींच्या गिअर बदलण्याच्या तरफा हँडलवर नसून फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर असतात. गिअर बदलावयाचा म्हणजे एक हात हँडलवरून काढून गुडघ्यांच्या दरम्यान खाली न्यावयाचा. उताराच्या वळणावर किंवा वाहनांच्या गर्दीत ही पद्धत धोक्याची वाटते आणि वय वाढले म्हणजे कष्टाचीही होते. तेव्हा ब्रेक व गिअर या दोहोंचे काम हात न हलविता करू देणाऱ्या आधुनिक संयुक्त तरफा आपल्या जुन्या सायकलीवर बसवाव्यात, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. वरवर पाहता हे काम हँडलापुरते दिसते. प्रत्यक्षात ते मागच्या चाकाच्या आसापर्यंत जाऊन पोहोचते. असे का होते, आणि जुन्या फ्रेमला कमीत कमी धक्का लावून ते कसे साधता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

एके काळी आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या, दांड्यांच्या ब्रेकच्या काळ्या सायकलीस हा प्रश्न लागू नाही. तिच्या मागच्या चाकावर दंतचक्र एकच असते. बदलावयाचे असे तेथे काही नाहीच. शर्यती सायकलीच्या मागच्या चाकावर मात्र लहानमोठ्या दंतचक्रांची चळत असते, आणि साखळी एका चक्रावरून शेजारच्या चक्रावर ढकलण्याचे काम जे यंत्र करते त्यास डिरेलर म्हणतात. मराठीत त्यास रूढ शब्द नाही. दुरुस्तीच्या दुकानात सगळ्या यंत्रणेलाच 'गिअर' म्हणून मोकळे होतात. येथे मूळ शब्द तसाच ठेविला आहे.

टूर द फ्रान्स या शर्यतीत डिरेलर वापरण्यास १९३७ साली मुभा मिळाली. पुढे १९५० च्या सुमारास इटलीतील काम्पान्योलो या कारखान्याने समांतरभुज चौकोनाच्या आकाराचा सांधा असलेला डिरेलर प्रचारात आणला, आणि थोड्याफार फरकाने तीच रचना आजतागायत चालू आहे. तरफ ओढली की पोलादी तार ताणली जाते, चौकोन तिरका होतो आणि त्याच्या टोकाशी असलेली लहान कप्पी साखळीसह आत सरकते. तरफ सोडली की स्प्रिंग तीच कप्पी बाहेर नेते. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तरफेला कोणतेही ठरावीक टप्पे नव्हते. ती केवळ घर्षणाने जेथल्या तेथे राहत असे. साखळी नेमकी चक्रावर आली की नाही, हे सायकलस्वार कानाने ओळखी. खरखर ऐकू आली की तरफ किंचित मागेपुढे करी. किंबहुना साखळी चढविताना प्रथम थोडे जास्त ओढावयाचे आणि मग परतावयाचे, ही सवय बोटांना जडलेली असे. सगळे माप माणसाच्या बोटांत व कानांत होते. यंत्राकडे ते नव्हते, म्हणूनच यंत्राच्या भागांत एकमेकांशी फारसा मेळ नसला तरी चालत असे. फ्रेंच डिरेलर, इटालियन तरफ आणि जपानी फ्रीव्हील एका सायकलीवर गुण्यागोविंदाने नांदत.

१९८४ साली जपानच्या शिमानो कारखान्याने आपल्या ड्युरा-एस मालिकेत टप्प्यांची तरफ आणली, आणि ते माप बोटांतून तरफेत गेले. तरफ एक खटका पुढे गेली की तार ठरावीक लांबीने ओढली जाते आणि साखळी नेमकी पुढच्या चक्रावर जाते. हे शक्य होण्यामागे आणखी एक शोध होता. सनटूर या नावाने माल विकणाऱ्या माएदा या जपानी कारखान्याने १९६४ साली चौकोनाचा सांधा तिरपा बसविण्याची युक्ती काढली होती. दंतचक्रांची चळत शंकूसारखी असते. जुन्या सांध्याची कप्पी सरळ आडवी सरकत असल्याने कप्पी व चक्र यांतील अंतर दर चक्रागणिक बदलत असे. तिरप्या सांध्यामुळे कप्पी शंकूच्या उताराला धरून सरकू लागली आणि हे अंतर जवळजवळ सारखे राहिले. अंतर लहान व सारखे असले म्हणजे कप्पीच्या हालचालीस साखळी ताबडतोब प्रतिसाद देते. अंतर मोठे असले तर साखळी मध्येच वाकून ती हालचाल गिळून टाकते. सनटूरच्या पेटंटची मुदत १९८४ च्या सुमारास संपली आणि त्याच वेळी शिमानोची टप्प्यांची पद्धत बाजारात आली, हा योगायोग खचित नव्हे. १९९० साली शिमानोने हीच टप्प्यांची यंत्रणा ब्रेकच्या मुठीत घातली आणि १९९२ साली काम्पान्योलोने आपली निराळी संयुक्त तरफ आणली.

आता मुख्य हिशेबाकडे वळू. एका खटक्यास तार किती ओढली जाते, ही पहिली राशी. तार १ मि. मी. ओढली असता डिरेलरची कप्पी किती मि. मी. सरकते, हे गुणोत्तर ही दुसरी राशी. शेजारच्या दोन दंतचक्रांच्या मध्यांतील अंतर ही तिसरी. पहिल्या दोहोंचा गुणाकार तिसरीइतका आला पाहिजे. एवढाच नियम आहे, आणि त्यास अपवाद नाही. शिमानोच्या ८ चक्रांच्या शर्यती संचात एका खटक्यास तार सुमारे २·८ मि. मी. ओढली जाते, डिरेलरचे गुणोत्तर सुमारे १·७ असते, आणि चक्रांतील अंतर ४·८ मि. मी. असते. २·८ ला १·७ ने गुणिले असता ४·७६ येतात. उरलेला अल्पसा फरक कप्पीला मुद्दाम ठेविलेल्या बाजूच्या ढिलाईत सामावतो. त्याच कारखान्याच्या ९ चक्रांच्या संचात हे अंतर ४·३५ आणि १० चक्रांच्या संचात ३·९५ मि. मी. आहे, आणि त्या मानाने तारेची ओढही कमी केलेली आहे. काम्पान्योलोचे जुने ८ चक्रांचे माप निराळे: तार ३·५, गुणोत्तर १·४, अंतर ५·० मि. मी.

यांपैकी एक राशी चुकली तर काय होते, हे एका उदाहरणाने पाहू. शिमानोच्याच १९८० च्या दशकातील ड्युरा-एस डिरेलरचे गुणोत्तर १·७ नसून सुमारे १·९ होते. त्यास ८ चक्रांची सामान्य तरफ जोडली तर दर खटक्यास कप्पी ५·३ मि. मी. सरकेल, म्हणजे अर्धा मि. मी. जास्त. पहिल्या खटक्यास काहीच बिघडल्यासारखे वाटणार नाही. तिसऱ्या खटक्यापर्यंत चूक दीड मि. मी. होते आणि साखळी खरखरू लागते. सातव्या खटक्याला ती साडेतीन मि. मी.च्या वर, म्हणजे चक्रांतील अंतराच्या तीन चतुर्थांश होते. तेव्हा साखळी मागच्या चाकाच्या आऱ्यांत शिरण्याची भीती असते. चूक दर पायरीला साठत जाते, हा टप्प्यांच्या पद्धतीचा स्वभावच आहे. घर्षणाच्या तरफेत प्रत्येक वेळी बोटे नव्याने मोजत असल्यामुळे चूक साठत नसे. पुष्कळ लोक पहिल्या दोनतीन चक्रांवर साखळी नीट चालते हे पाहून काम झाले असे समजतात आणि पुढच्या बिघाडाचे खापर तारेच्या ताणावर फोडतात. ताण सगळ्या पायऱ्यांना सारखाच सरकवितो. वाढत जाणारी चूक ताणाने कधीही दुरुस्त होत नाही.

यावरून असे दिसेल की, तरफेवर लिहिलेली चक्रांची संख्या ही फसवी गोष्ट आहे. शिमानोच्या टिआग्रा मालिकेतील ४७०० क्रमांकाची १० चक्रांची तरफ त्याच कारखान्याच्या आधीच्या १० चक्रांच्या डिरेलरशी जुळत नाही, कारण तिची ओढ निराळी आहे. याच्या उलट काम्पान्योलोची १० चक्रांची तरफ दर खटक्यास सरासरी २·८ मि. मी. तार ओढते. म्हणजे शिमानोचा जुना डिरेलर आणि शिमानोचीच ८ चक्रांची कॅसेट यांच्याशी ती उत्तम जुळते. दोन खटके फक्त शिल्लक राहतात. प्रवासी सायकलस्वारांमध्ये ही विजातीय जोडणी चांगली परिचित आहे. कारखान्यांच्या तक्त्यांत ती सापडावयाची नाही. गुणाकार करणाऱ्यास ती आपोआप सापडते.

जुन्या सायकलीवरचा मूळ डिरेलर ठेवावा काय? मन फार ओढ घेते, कारण जुन्या यंत्रांतील देखणा भाग बहुधा हाच असतो. तथापि सरळ सांध्याच्या जुन्या डिरेलरचे गुणोत्तर संपूर्ण चालीत एकसारखे राहत नाही आणि कप्पीचे अंतर तर बदलतेच. संयुक्त तरफ बसवावयाची तर मागचा डिरेलर बदलावाच लागतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा बदल दोन साधनांनी व दहा मिनिटांत उलट करता येतो, त्यामुळे त्याविषयी फार हळहळण्याचे कारण नाही. फ्रान्समधील सिम्प्लेक्स पद्धतीच्या काही फ्रेमवर मात्र डिरेलर टांगण्याच्या भोकास आटे नसतात, आणि नवा डिरेलर बसविण्यासाठी ते पाडावे लागतात. असे आटे एकदा पाडले की ते पुसता येत नाहीत.

खरा पेच मागच्या चाकाच्या रुंदीचा आहे. फ्रेमच्या मागील दोन भुजांच्या खाचांमधील अंतर ५ चक्रांच्या काळात १२० मि. मी., ६ व ७ चक्रांच्या काळात १२६ मि. मी. होते, ८ चक्रे आल्यावर ते १३० मि. मी. झाले. नवे चाक जुन्या फ्रेमात बसवावयाचे तर भुजा ताणाव्या लागतात. पोलादाला त्याच्या स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत वाकविले तर ते पूर्वस्थितीवर येते. मर्यादेपलीकडे वाकविले तर वाक कायम राहतो. या दुसऱ्या गुणाचा उपयोग करून भुजा हळूहळू फाकवितात. १२६ चे १३० करावयाचे म्हणजे प्रत्येक भुजा २ मि. मी. बाहेर न्यावयाची, आणि रेनॉल्ड्स ५३१ सारख्या नळ्यांची फ्रेम हे निमूट सहन करते. १२० चे १३० करणे हा मोठा बदल आहे. तो कुशल हातानेच करावा. उष्णतेचा संस्कार करून कठीण केलेल्या रेनॉल्ड्स ७५३ च्या नळ्या मुळीच वाकवू नयेत. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमविषयी तर बोलावयासच नको. तेथे वाकणे व तडकणे यांत अवकाश फार थोडा असतो.

दोन्ही भुजा सारख्याच सरकल्या की नाही, हे पाहण्याची एक साधी व फार उपयुक्त रीत आहे. एका खाचेपासून दोरा निघून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत घट्ट ताणावा आणि बैठकीच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे दोऱ्याचे अंतर मोजावे. ती समान आली पाहिजेत. बहुधा ती प्रथम येत नाहीत, कारण उजवी भुजा साखळीसाठी दाबलेली असल्याने डावीइतकी सहज वाकत नाही. यानंतर खाचांच्या पट्ट्या पुन्हा परस्परांशी समांतर कराव्या लागतात. ही दुसरी पायरी अनेक जण गाळतात. मग नट आवळला की आसावर सतत वाकविणारा जोर राहतो आणि काही महिन्यांनी आस मोडतो.

पण फ्रेम फाकविलीच पाहिजे असे नाही. १२६ मि. मी. रुंदीच्या जुन्या चाकावर ६ चक्रांच्या जागी ७ चक्रांचे फ्रीव्हील सहज बसते. अशी फ्रीव्हीले अद्याप तयार होतात आणि शिमानोच्या टूर्नी मालिकेत ७ टप्प्यांच्या संयुक्त तरफाही निघाल्या आहेत. त्या दिसावयास साध्या, परंतु मापाला चोख आहेत. ८ टप्प्यांची तरफ असली तरीही निभावते. ७ चक्रांच्या संचात अंतर ५·० मि. मी. असते, तरफ ४·८ चे माप देते. चौथ्या चक्रावर साखळी अचूक बसविली तर दोन्ही टोकांना चूक ०·६ मि. मी. होते आणि कप्पीची ढिलाई तिला बहुतेक पचविते. फ्रेम, चाक, आऱ्यांची वीण सर्व जसेच्या तसे राहते. प्रस्तुत लेखकाच्या मते १२६ मि. मी.च्या फ्रेमसाठी हाच मार्ग श्रेयस्कर आहे. १० किंवा ११ चक्रांच्या मोहात पडण्याचे प्रयोजन नाही: चक्रांतील अंतर जितके कमी, तितकी चुकीची क्षमा कमी, आणि जुन्या फ्रेममध्ये बारीकसारीक चुका असावयाच्याच. मात्र या मार्गाच्या दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. फ्रीव्हीलच्या हबात उजवीकडचे छरे आसाच्या टोकापासून बरेच आत असतात, त्यामुळे भारी वजनाच्या स्वाराखाली आस वाकतो. हाच दोष काढण्यासाठी शिमानोने १९७८ च्या सुमारास कॅसेटचा हब काढला. दुसरे असे की जुन्या फ्रेंच हबाचे आटे इंग्रजी आट्यांहून अगदी थोडे निराळे असतात. फ्रीव्हील दोन फेऱ्यांनंतर जड जाऊ लागले तर तेथेच थांबावे. जोर केल्यास हब कायमचा वाया जातो.

डिरेलर ज्या कानावर टांगलेला असतो तो कान चाकाशी समांतर असणे आवश्यक आहे. सायकल उजव्या अंगावर एकदा पडली की हा कान किंचित आत वळतो. घर्षणाच्या तरफेला त्याचे काहीच वाटत नसे, म्हणून वीसवीस वर्षे तो तसाच राहिलेला असतो. लांब दांडीच्या मापकाने रिमच्या चारही बाजूंस अंतर पाहून तो सरळ करून घ्यावा. नव्या तरफा लागू पडत नाहीत म्हणून परत केल्या जातात, त्यांपैकी कित्येकांचा दोष या वाकलेल्या कानात असतो.

तारेच्या वेष्टणाचाही विचार करावयास हवा, आणि येथे प्रश्न जिवाचा आहे. जुने वेष्टण म्हणजे सर्पिल गुंडाळलेली पोलादी पट्टी. दाब पडला की तिचे वेढे जवळ येतात व वेष्टण किंचित आखूड होते. गिअरच्या पावणेतीन मि. मी.च्या मापात ही घट परवडत नाही. म्हणून गिअरसाठी लांबीच्या दिशेने उभ्या तारा बसविलेले वेष्टण वापरतात. हे वेष्टण ब्रेकला मात्र कदापि वापरू नये. ब्रेक दाबताना तारेवर येणारा जोर गिअरच्या मानाने फार मोठा असतो, आणि त्या जोराने उभ्या तारा बाजूला फाकून वेष्टण एकाएकी फुटू शकते. दोन्ही वेष्टणे बाहेरून सारखीच दिसतात. कापलेले टोक पाहिल्यावाचून विश्वास ठेवू नये. खालच्या नळीवर जेथे जुन्या तरफा होत्या, त्याच बोंडांवर वेष्टण अडविणारे व ताण बदलण्याचा स्क्रू असलेले तुकडे बसतात. फ्रेमला छिद्र पाडण्याची गरज नाही.

पुढच्या दोन दंतचक्रांसाठी नियम सौम्य आहे. ८ चक्रांच्या साखळीची बाहेरची रुंदी सुमारे ७·१ मि. मी. असते आणि ती जुन्या पुढच्या चक्रांवर नीट चालते; १० चक्रांची ५·९ मि. मी.ची साखळी कधी कधी दोन जुन्या चक्रांच्या मधल्या फटीत अडकते. जुना पुढचा डिरेलर बहुधा चालतो. काम्पान्योलोच्या जुन्या संयुक्त तरफांत डावीकडे अनेक बारीक खटके असल्याने ती कोणत्याही डिरेलरशी जमवून घेते. शिमानोची डावी तरफ हट्टी असते. तिच्याशी फार झटापट करण्यापेक्षा डावी जुनी तरफ खालच्या नळीवरच राहू द्यावी. पुढचे चक्र तासातून दोनचार वेळाच बदलावे लागते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र सौम्यता चालणार नाही. २००८ नंतर शिमानोच्या शर्यती तरफांत ब्रेकच्या तारेची ओढ वाढविली गेली. तरफ जास्त तार ओढते याचा अर्थ तेवढ्याच बोटांच्या जोरात तारेवर येणारा ताण कमी. नव्या ब्रेकमध्ये ती घट भरून काढलेली असते. १९७५ च्या ब्रेकमध्ये ती भरून निघत नाही. परिणामी ब्रेक हाताला कडक लागतो, जणू चांगला लागला आहे असा भास होतो, आणि सायकल थांबत नाही. जुने ब्रेक ठेवावयाचे असतील तर त्या वर्षापूर्वीच्या ओढीची तरफ घ्यावी. २७ इंची जुने चाक काढून ७०० मापाचे चाक घातले असेल तर आणखी एक गोष्ट: पहिल्याच्या रिमच्या बैठकीचा व्यास ६३० व दुसऱ्याचा ६२२ मि. मी. असतो, म्हणजे ब्रेकचे रबर ४ मि. मी. खाली उतरले पाहिजे. खाचेत तेवढी जागा नसेल तर रबर टायरला घासेल. घाटाच्या माथ्यावर हे कळण्यापेक्षा दुकानात कळलेले बरे.

काय बदलावे याबरोबरच काय जपावे हेही ठरवावे लागते. इटलीतील गायोले इन किआन्ती या गावी १९९७ पासून 'एरोइका' नावाची जुन्या सायकलींची यात्रा भरते. तिच्या नियमानुसार सायकल साधारणतः १९८७ पूर्वीची आणि गिअरच्या तरफा खालच्या नळीवर असाव्या लागतात. संयुक्त तरफ लावलेली सायकल तेथे चालत नाही. काढलेल्या तरफा, डिरेलर व फ्रीव्हील तेल लावून कागदात गुंडाळून ठेवले, तर अशी सायकल एका दुपारी पुन्हा मूळ रूपात येते. फाकविलेली फ्रेम व नव्याने पाडलेले आटे एका दुपारी मागे घेता येत नाहीत, म्हणूनच त्यांचा विचार सर्वांच्या शेवटी करावा.

जोडणी पूर्ण झाल्यावर मेळ बसविण्याचा क्रम असा. तार सुटी ठेवून साखळी सर्वांत लहान चक्रावर आणावी आणि मर्यादेच्या स्क्रूने कप्पी त्या चक्राच्या बरोबर खाली आणावी. मोठ्या चक्राच्या बाजूची मर्यादा हाताने डिरेलर ढकलून पाहावी. कप्पी आऱ्यांपर्यंत जाता कामा नये. मग तार आवळावी व एक खटका द्यावा. साखळी दुसऱ्या चक्रावर जाण्यास कुरकुरत असेल तर ताणाचा स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढावा. तिसऱ्या चक्राला घासत असेल तर तेवढाच आत घ्यावा. असे सर्व चक्रांपर्यंत जावे. पहिल्या शंभरएक किलोमीटरांनंतर गिअर पुन्हा मंदावतील. तार लांबली असे म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः वेष्टणाची टोके आपापल्या टोपणांत घट्ट बसलेली असतात. स्क्रूचा आणखी अर्धा फेरा त्यास पुरतो.